चौदा पिढ्या आणि मलेरियाची गोळी

टाकानिनी, ऑकलंड
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. दादास,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुला कानाच्या यंत्रातून फोन ऐकू येत नाही, आणि माझं व्हॉट्सॲप परेशने घालून दिलेलं असल्यामुळे मी काय लिहिते ते त्याच्या लॅपटॉपवरही उमटतं. तेव्हा घरातल्या माणसांविषयी मनासारखं बोलायचं तर पोस्टाचं तिकीट लावण्यावाचून गत्यंतर नाही. इथली पोस्टातली मुलगी आता मला ओळखते. मी दिसले की किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणते आणि न विचारता वजनकाटा पुढे सरकवते.

माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक. सूनबाई ऋचा सकाळी कामावर जाते. तुझा भाचा परेश घरूनच काम करतो, म्हणजे दिवसभर कानात काहीतरी खुपसून भिंतीशी इंग्रजीत भांडतो.

आता बातमी. आपली गार्गी पामर्स्टन नॉर्थजवळच्या लष्करी छावणीत मेडिक आहे, हे तू अख्ख्या पेठेत सांगून मोकळा झालाच असशील. तिची पॅसिफिकमधल्या एका बेटावर जाणाऱ्या तुकडीत निवड झाली आहे. तिथे दवाखाना उभा करायचाय. दोन वर्षं पोरगी याच्यासाठी झुरत होती. बेटावर मलेरिया आहे, म्हणून परतताना सगळ्यांना एक जालीम गोळी देतात. ती काहींच्या रक्ताला सोसत नाही, म्हणून आधी रक्त तपासतात. बाकीच्यांचं सरळ निघालं. आपल्या नातीचं मधलंच निघालं, धड चांगलं नाही आणि धड वाईटही नाही. आता त्यांची डॉक्टरीण म्हणते की जनुकांची तपासणी करू, आणि घराण्यात कुणाला काय झालं होतं तेही विचारून ये. तपासणीची सक्ती नाही, पण सही केली नाही तर तुकडीतून नाव गळणार.

गार्गी सुट्टीला आली तेव्हा तिने हे जेवताना सांगितलं. परेश ताटावरून उठलाच. म्हणाला, रक्तातला दोष एकदा सरकारी कॉम्प्युटरात शिरला की जन्मभर चिकटतो, विमा महागतो, आणि हॅमिल्टनच्या स्थळाला काय सांगायचं? हॅमिल्टनचं स्थळ म्हणजे कांचनताईंचा मुलगा, दुधाच्या कंपनीत इंजिनिअर आहे. गार्गीने त्याचा फोटोही धड बघितलेला नाही, पण परेशने पत्रिका पाठवली आणि गुणही जुळवून घेतले. गार्गी तिच्या इंग्रजीत म्हणाली की माझा जन्म किती वाजून किती मिनिटांनी झाला हे परक्या बाईला कळवता, आणि माझं रक्त माझ्या डॉक्टरला द्यायला नको म्हणता. मग तिने हॉलमधल्या फ्रेमकडे बोट दाखवलं. गेल्या ख्रिसमसला परेशने आपलं मूळ कुठलं ते कळावं म्हणून एका परदेशी कंपनीला नळीत थुंकून पाठवलं होतं, त्याचा रंगीत नकाशा तिथे लटकतोय. परेश म्हणाला ती हौस होती, ही तपासणी आहे.

शेवटी घराण्याची माहिती हवी ना, म्हणून त्याने माझ्या ट्रंकेतून ह्यांच्या घराण्याचा कुलवृत्तान्त काढला, चौदा पिढ्या स्कॅन केल्या आणि त्या डॉक्टरणीला पाठवून दिल्या. वर शेरा मारला की घराणं निरोगी असून सर्व पुरुष दीर्घायुषी आहेत. स्थळाला लिहितात तसंच.

खरं सांगू, या बाबतीत मी परेशच्या बाजूने आहे. मला संशय आहे तो ऋचाच्या माहेरचा. तिच्या वडिलांचा रंग मला लग्नातच पिवळट वाटला होता, पण तेव्हा मी तो मांडवातल्या दिव्यांवर ढकलला. आपल्याकडे असलं काही कधी नव्हतं ना? तू लष्करातला माणूस, तूच चार ओळी लिहून पाठव, म्हणजे पोरीला दाखवीन.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो टपालखर्च न बघता वाढवावा.

तुझी,
सुमती

---

पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सुमतीस अ. उ. आ.

पत्र वाचून करमणूक झाली आणि संतापही आला. आमच्या वेळी लष्करात छाती मोजत, दात बघत आणि धावायला लावत. पास झाला तो जवान. जनुकं बिनुकं कुणी विचारली नाहीत. रक्त हे सीमेवर सांडायला असतं, नळीत भरायला नव्हे, हे तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंना माझ्या नावाने कळव. निवृत्त सुभेदार असं नावाखाली लिहायला विसरू नकोस.

आपल्या घराण्याविषयी काय सांगायचं? माझंच उदाहरण दे. एकाहत्तर साली पूर्व सीमेवर शत्रूने आमच्या विहिरीत विष कालवलं, ही हकिकत तुला पाठ आहे, तरी पोरीसाठी पुन्हा लिहितो. दोन दिवसांत मी हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळा झालो. लघवी कोऱ्या चहासारखी. उभं राहवेना. मिलिटरी हॉस्पिटलात तीन आठवडे पडून होतो, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तरी उठलो, आणि पुढे सव्वीस वर्षं नोकरी केली. विष पचवणारं रक्त आहे आपलं. त्यात दोष निघेल कसा?

परेशचं बरोबर आहे. माझ्याच वळणावर गेलाय तो, हे तू लहानपणापासून म्हणतेस. नाक माझं, आवाज माझा, आणि आता अक्कलही माझीच निघाली. गार्गीला सांग, सही करू नकोस आणि मान ताठ ठेव. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव.

तुझी वहिनी पलीकडे बसून नाकातून आवाज काढते आहे. विहिरीचं नाव निघालं की तिला पन्नास वर्षं हाच त्रास होतो.

आशीर्वाद आहेतच, ते मुलांनाही वाटून द्यावेत.

तुझा,
दादा

---

टाकानिनी
११ मार्च २०२५

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सांगितल्याप्रमाणे मोठ्याने वाचलं, आणि आता पस्तावते आहे. गार्गी पुन्हा सुट्टीला आली होती. मी विहिरीपाशी पोचले तेव्हा ती आमटी भुरकत होती. कोऱ्या चहापाशी आले आणि तिने चमचा खाली ठेवला. मला म्हणाली, आजी, ती ओळ परत वाच. मी वाचली. मग तिने तीन प्रश्न विचारले. आजोबांना तिथे मलेरियाच्या गोळ्या देत होते का, गोळी सुरू झाल्यावर किती दिवसांनी पिवळे पडले, आणि त्या विहिरीचं पाणी पिऊन आणखी किती जण आजारी पडले.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला माहीत नव्हती. तिसऱ्याचं उत्तर तोंडात आलं आणि मीच थबकले. दादा, तूच दर लग्नामुंजीत सांगतोस की बाकीची पलटण ठणठणीत होती म्हणून तुला पाठीवर घालून नेलं. मग सगळे त्याच विहिरीचं पाणी पीत असताना विष तुझ्या एकट्याच्याच पोटात कसं गेलं? नाव विचारून चढणारं विष मी तरी ऐकलेलं नाही. इतकी वर्षं ही गोष्ट ऐकली, टाळ्याही वाजवल्या, आणि हा साधा प्रश्न आपल्यापैकी एकालाही पडला नाही.

कुलवृत्तान्ताचंही उत्तर आलं. त्या डॉक्टरीणबाईंनी फार अदबीने लिहिलंय की पुस्तक अतिशय सुंदर आहे, पण यात बायका कुठे आहेत? हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, म्हणून त्यांना आज्या, मावश्या, मामा हवे आहेत. परेशने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. चौदा पिढ्या नुसत्या पुरुषांच्या, एकाला दुसरा झालेला, दुसऱ्याला तिसरा. ऋचा म्हणाली, बाळंतपणंही यांनीच उरकली असतील. ती सहसा असं बोलत नाही.

परेशने त्यावर नवीनच युक्ती काढली. मधलं म्हणजे पास, तेवढंच सांग आणि सगळ्यांबरोबर गोळी घेऊन टाक, असं तो लेकीला म्हणाला. परीक्षेत काठावर पास झाला तरी वरच्या वर्गात घालतातच ना, म्हणे. गार्गी हसली नाही. तिने शांतपणे सांगितलं की ज्याला ती सोसत नाही त्याचं रक्त फुटायला लागतं, आणि त्या बेटावर रक्ताची बाटली यायला विमान लागतं. मला तेव्हापासून झोप नाही.

तू म्हणशील, मग करू दे की सही, सज्ञान आहे ती. पण ती अडली आहे वेगळ्याच ठिकाणी. तिच्या तुकडीत आरोहा नावाची माओरी मुलगी आहे. तिने सांगितलं की आमच्यात असं रक्त एकट्याने द्यायचं नसतं, घरच्यांना विचारतात, कारण त्यातून सगळ्यांचं कळतं. आरोहाने स्वतः आजीला विचारून दिलं. ती आपल्या पूर्वजांची नावं धडाधड म्हणते, आणि त्यात पणज्या-खापरपणज्याही असतात, असं गार्गी सांगत होती. तेव्हा ही पोरगी म्हणते, माझ्या रक्तात बाबांचंही आहे, त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही. आणि बाबा म्हणतात, आमच्या मामांसारखं रक्त आहे आमचं, विष पचवणारं.

म्हणजे गाडी तुझ्या विहिरीपाशी येऊन थांबली आहे. महिनाअखेरीस तुकडीची नावं पक्की होतात, दोन-चार दिवस इकडेतिकडे. दादा, तुझी गोष्ट राहू दे सभागृहासाठी. काय झालं होतं ते मला खरं लिही, आणि हे पत्र स्पीड पोस्टाने टाक.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी आधी उत्तर लिही, मग राग.

तुझी,
सुमती

---

पुणे
२२ मार्च २०२५

चि. सुमतीस अ. उ. आ.

पत्र वाचून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या वहिनीने विचारलं की विहिरीत काय सापडलं, तेव्हा लिहायला बसलो.

होय, मलेरियाच्या गोळ्या नव्याने आल्या होत्या. त्या सुरू केल्या आणि मी आडवा झालो. दुसरं कुणीही आजारी पडलं नाही. मिलिटरी हॉस्पिटलात एक बंगाली मेजर डॉक्टर होते. ते म्हणाले, ही गोळी तुझ्या रक्ताला चालत नाही, जन्मात पुन्हा घेऊ नकोस, आणि हे घराण्यात असतं, भावंडांना सांग. मी सांगायलाच घरी आलो होतो.

आईने मला माजघरात बसवलं. तुझी बैठक पुढच्याच आठवड्यात होती. ती म्हणाली, मुलीच्या भावाच्या रक्तात खोट आहे असं कळलं तर ही माणसं पायरीसुद्धा चढणार नाहीत. मग लोक विचारतील इतका पिवळा का, तर काय सांगायचं? तिनेच विचार करून ठरवलं, शत्रूने विहिरीत विष घातलं. रोगाला लोक नाक मुरडतात, विषाला हात जोडतात, एवढं तिला कळत होतं. बैठक झाली, तुझे सासरे माझ्याकडे बघून उठून उभे राहिले, आणि तुझं लग्न ठरलं. म्हणजे विहीर आईने खणली आणि मी पन्नास वर्षं तिचं पाणी भरत राहिलो. खरं सांगतो, शेवटी शेवटी मला त्या पाण्याची चवही आठवायला लागली होती.

तुझ्या वहिनीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, मला आपल्या लग्नातच कळलं होतं. तुमच्या पलटणीतले चौघे पंगतीला बसले होते, त्यांना विहिरीचं विचारलं तर ते म्हणाले तिथे विहीरच नव्हती, टँकर यायचा. मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही फार छान सांगायचात.

आता परेशला माझा निरोप सांग. म्हणावं, नाक माझं आहे, आवाज माझा आहे, तर हेही माझंच असणार. मामाने एकदा लपवलं, तुझं आजवर निभावलं ते दैवाने. लेकीच्या बाबतीत दैवावर सोडू नकोस. तिला हो म्हण. हा हुकूम समज, आणि हुकूम वाटत नसेल तर विनंती समज.

मन हलकं झालं आहे, पण येत्या मुंजीत काय सांगावं ते सुचत नाही.

आशीर्वाद. या पत्राचा राग आईवर धरू नये.

तुझा,
दादा

---

पामर्स्टन नॉर्थ
१९ एप्रिल २०२५

प्रिय गोपीनाथ आजोबा,
शि. सा. न. वि. वि. (आजीने असं लिहायला सांगितलं. मला फुलफॉर्म नीट माहीत नाही, पण मी मनापासून लिहिलं आहे.)

मी मराठीत पहिलंच पत्र लिहिते आहे, चुका हसून वाचा. आजीने मला लहानपणी पाटीवर शिकवलं होतं, म्हणून अक्षर मोठं येतं.

तुमचं पत्र आजीने बाबांना दिलं. ते वाचून बाबा गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू केली नाही, नुसते बसले. मग आत आले आणि मला फोन करून म्हणाले, सही कर, आणि ती बेटावरची गोळी घेऊ नकोस, प्लीज. बाबा मला प्लीज कधी म्हणत नाहीत. मी त्याच दिवशी सही केली.

रिझल्ट आला. माझ्यात तो बदल आहे, एका बाजूने. म्हणजे तो बाबांकडून किंवा आईकडून आला, आणि मी कॅरिअर, तो पुढे नेणारी. आमची डॉक्टर म्हणाली नो वरीज, तुझ्यासाठी दुसऱ्या गोळ्या आहेत, फक्त फाइलवर मोठी लाल खूण असेल की ही गोळी हिला द्यायची नाही. मी तुकडीत आहे, आजोबा. बारा मेला निघायचं. आरोहा म्हणाली, स्वीट ॲज, म्हणजे एकदम झकास. मी तिला तुमची विहीर सांगितली, तिला ती हीप्स (म्हणजे खूपच) आवडली.

तुम्ही ते तीन आठवडे हॉस्पिटलात होता ते वाचून मला रडू आलं. तुमचा डॉक्टर बरोबर होता. तुम्ही लिहिलं नसतं तर बाबा हो म्हणाले नसते, आणि मी इथेच राहिले असते. थँक यू.

एक काम आहे. डॉक्टरने घराण्याचा नकाशा काढला आहे. त्यात पुरुष चौकोन आणि बायका गोल. तुमची आई सरस्वती, तो गोल भरला. त्यांची आई, तो गोल रिकामा आहे. आजी म्हणते त्यांना सगळे मोठी आई म्हणायचे. पण ते नाव नाही ना? खरं नाव काय होतं, आणि त्यांच्या भावांना काही झालं होतं का?

तुमची,
गार्गी

---

टाकानिनी
२५ मे २०२५

ती. स्व. दादास,
सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

गार्गी गेली. छावणीतून निघताना तिने व्हिडिओ कॉल केला, पाठीवर तिच्याएवढीच पिशवी होती. परेशने तिला लाल खुणेचं विचारलं, मग गोळ्यांचं, मग पुन्हा लाल खुणेचं. शेवटी तीच म्हणाली, बाबा, सगळ्या छावणीला माहीत आहे.

आता घरातल्या निकालांचं. ऋचाने आणि परेशने इथल्या डॉक्टरांकडे रक्त दिलं. ऋचाचं स्वच्छ निघालं. परेशचं पूर्ण दोषी निघालं, अगदी तुझ्यासारखं. आणि मुलात असलं म्हणजे आईकडूनच आलं, तेव्हा मी नळीत रक्त न देताच नापास झाले.  ऋचाने शिरा केला आणि मला दोनदा वाढला. व्याह्यांच्या रंगाविषयी मी जे तुला लिहिलं होतं ते पत्र शोधून फाडून टाक. तुझे दोघे मुलगे सुटले, बापाकडून मुलाला हे जात नाही म्हणे. तुझं नशीब असल्या बाबतीत नेहमीच बरं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते दुसरंच. डॉक्टर म्हणाले, याला डांबरगोळ्यांपासूनही जपायला हवं. आणि माझ्या डोळ्यांसमोर परेशचं बारसं आलं. ट्रंकेतली दुपटी काढून त्याला गुंडाळलं होतं, गोळ्यांचा भपकारा येत होता, आणि चार दिवसांनी पोर पिवळं पडलं. मी मीठमोहऱ्या ओवाळल्या, दोन शेजारणींशी कायमचं बोलणं टाकलं, आणि दुपटं मात्र तेच ठेवलं. दादा, त्या बंगाली डॉक्टरचं एक वाक्य माझ्यापर्यंत आलं असतं तर मी ती ट्रंक रस्त्यावर फेकली असती. आईवर राग धरू नये असं तू लिहितोस. मी धरला आहे थोडासा. माझं लग्न झालं ते त्या गप्प बसण्यामुळेच, हेही कळतं, म्हणून थोडासाच.

हॅमिल्टनचं ऐक. कांचनताईंना कुठून तरी सुगावा लागला. त्यांनी फोन करून गोड आवाजात विचारलं की मुलीचा रिपोर्ट बघायला मिळेल का. परेश पूर्वीचा असता तर फरशीत शिरला असता. त्याने सांगितलं, अवश्य, तुमच्या मुलाचाही पाठवा, दोन्ही शेजारी ठेवून गुण जुळवू. तेव्हापासून तिकडे शांतता आहे. गार्गीला कळवलं तर तिने नुसता अंगठा पाठवला.

भिंतीवरची फ्रेम परेशने स्वतःच उतरवली. मग डांबरगोळ्यांची मोहीम काढली. ट्रंक धुतली, कपाटं पुसली, माझ्या पैठण्या आठवडाभर वाऱ्यावर टाकल्या. राहिला कुलवृत्तान्त. इतकी वर्षं गोळ्यांत राहून त्याच्या पानापानाला वास मुरला आहे. उन्हात ठेवला, जात नाही. शेवटी ऋचाने तो हिरवळ कापायच्या यंत्रामागे फळीवर नेऊन ठेवला.  घराण्याच्या चौदा पिढ्या सध्या गॅरेजात आहेत.

आता मोठ्या आईचं. तुझा वहिनीकडून आलेला निरोप मिळाला की तुलाही नाव आठवत नाही, आणि मामांच्या सुरेशलाही विचारलंस, त्यालाही माहीत नाही. मी फार खटपट केली. तिचे हात आठवतात, तिचं खोकणं आठवतं, तिने मला दिलेला खडीसाखरेचा खडा आठवतो. माहेरचं नाव लग्नात गेलं, सासरचं कुणी हाक मारायला वापरलं नाही. परेशच्या सासऱ्यांच्या सासऱ्यांपर्यंतचे पुरुष मला नावानिशी सांगता येतील. आणि जिचं रक्त तुझ्यात, माझ्यात, परेशमध्ये आणि आता त्या बेटावर फिरतंय, तिला काय म्हणायचे ते मला माहीत नाही. मी गार्गीला तसं कळवलं. वाटलं, गोल रिकामाच राहणार.

काल तिने बेटावरून नकाशाचा फोटो पाठवला. आरोहाने तिला सांगितलं म्हणे की ज्या नावाने हाक मारत होते तेच नाव. तेव्हा तिने डॉक्टरणीला अक्षरं सांगून गोलात घालायला लावलं. इथल्या लष्कराच्या कॉम्प्युटरात आता इंग्रजी अक्षरांत मोठी आई आहे. बाईंनी खाली विचारलंय की यातलं आडनाव कोणतं.

वहिनीला नमस्कार. ती तुझी गोष्ट पन्नास वर्षं ऐकत राहिली, तेवढा लोभ माझ्यावर तू ठेव म्हणजे झालं.

तुझी,
सुमती